श्रीमंत मिस्त्रींची तिरकी भिंत

श्रीमंत मिस्त्री कोणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नाहीत, कोपऱ्यांकडे बघतात. पाण्याचा तांब्या हातात घेतील, "बरं हाय ना समदं?" असंही विचारतील, पण नजर गेलेली असते छताखालच्या कोपऱ्यात. तिथून ती सावकाश भिंतीच्या कडेने उतरत फरशीवर येते. मग मिस्त्री एक डोळा मिटतात आणि विचारतात, "कोनी बांधलं हे?" घरमालकाने गवंड्याचं नाव सांगितलं की ते नुसतं "हां" म्हणतात. त्या "हां"पायी ढवळमाळातल्या निम्म्या लोकांनी त्यांना घरात बोलवणं सोडलंय. उरलेल्या निम्म्यांना बोलवावंच लागतं, कारण त्यांची घरं मिस्त्रींनीच बांधलीत.

ढवळमाळ हे सुप्यापासून आत सात किलोमीटर. गावातली तरणी माणसं सकाळी बसने एमआयडीसीत जातात आणि संध्याकाळी परत येतात. मिस्त्रींचा मुलगा सुनील त्यातलाच. मिस्त्री आता अडुसष्टचे झाले. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून परांचीवर चढणं सुटलं, पण गुण्या सुटला नाही. गुण्या म्हणजे गवंड्याचा लोखंडी काटकोन. कोपऱ्यात टेकवला की कोपरा खरा की खोटा ते तिथल्या तिथे कळतं. मिस्त्रींचा गुण्या खुंटीला सदऱ्याशेजारी टांगलेला असतो आणि दिवसातून दोनदा तरी खाली उतरतो. सुनेने कॅलेंडर लावलं, बघ गुण्या. सुनीलने टीव्हीचा स्टँड ठोकला, बघ गुण्या. पुतण्याच्या लग्नात अक्षता पडायला पाच मिनिटं असताना त्यांनी मांडववाल्याला गाठून "तुजा डावीकडचा खांब आडवा चाललाय" म्हणून सांगितलं होतं, आणि तो बिचारा शिडी आणायला पळाला होता.

तरुणपणी ते मुलगी बघायला गेले त्याची गोष्ट तर गाव अजून सांगतं. परत येताना वडिलांनी विचारलं, "कशी वाटली मुलगी?" मिस्त्री म्हणाले, "मुलीचं ठीक हाय, पर त्यांच्या ओसरीला तीन बोटांचा फरक हाय." लग्न झालं. पण हे वाक्य कसं कोण जाणे मनकर्णाबाईंच्या कानावर गेलं, आणि पंचेचाळीस वर्षं त्या त्याची परतफेड करतायत. मिस्त्रींनी काहीही सांगितलं की त्या म्हणतात, "मला कसं कळायचं? मी तीन बोटं फरकाच्या घरातली."

अशा या माणसाकडे एके दिवशी शाळेतल्या बाई आल्या. ज्ञानेश्वरी बाई मूळच्या भिंगारच्या. रोज सुप्यापर्यंत एसटीने येतात आणि तिथे ओळखीच्या घरी ठेवलेल्या स्कूटीवरून पुढे ढवळमाळ गाठतात. तिसरी-चौथीचा वर्ग त्यांच्याकडे, एकाच खोलीत मिळून एकोणीस पोरं. मिस्त्रींची नात दिशा चौथीत. बाई ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्रीबाबा, उद्या शाळेत याल का? पोरांना काटकोन शिकवायचाय."

मिस्त्रींना आधी वाटलं थट्टा चाललीय. ते स्वतः चौथीत गणितात दोनदा नापास झालेले. दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा गुरुजींनी दप्तर हातात देऊन "तू आपला माती कालव" असं सांगितलं, आणि मिस्त्रींनी ते इतकं मनावर घेतलं की पुढची पन्नास वर्षं तेच केलं.

"बाई, मला पाडे बी धड येत न्हाईत," ते म्हणाले.

"पाढे मी बघते. तुम्ही दोरी घेऊन या."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ठेवणीतली टोपी घातली, सदऱ्याला इस्त्री करवून घेतली आणि आखणीचं सूत, खुंट्या, गुण्या पिशवीत भरून निघाले. मनकर्णाबाई दारातून म्हणाल्या, "पास हून या."

वर्गात गेले तर बाई फळ्यापुढे उभ्या राहून नाईल नदीची गोष्ट सांगत होत्या. हजारो वर्षांपूर्वी मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, दरवर्षी पूर यायचा, शेतांचे बांध वाहून जायचे, मग माणसं दोऱ्या घेऊन यायची आणि बांध नव्याने आखायची. करण नावाच्या पोराने हात वर केला. "मॅडम, बांधावरनं तिथं पण भांडणं व्हायची?"

"व्हायचीच असणार. म्हणून तर मापायला लागत होतं."

हे ऐकून वर्गाला फार बरं वाटलं. मिसर देश एकदम पारनेर तालुक्यात आल्यासारखा झाला. मग बाईंनी सांगितलं की आपल्याकडेही जुन्या काळी यज्ञाची वेदी आखायला दोरीच वापरायचे आणि त्या दोरीला शुल्ब म्हणायचे. आणि ती दोरी घेऊन काटकोन कसा काढायचा, ते आता मिस्त्रीबाबा दाखवतील.

मिस्त्री पुढे झाले. बाईंनी बारा मीटरची दोरी आणली होती, मीटरमीटरवर गाठ मारलेली. मिस्त्रींनी एका गाठीपासून तीन गाठी एका बाजूला मोजल्या, चार गाठी दुसऱ्या बाजूला, आणि राहिलेला पाचाचा भाग दोघांच्या मध्ये ताणला. वर गुण्या टेकवला. केसभरही फट नाही. पोरं "ओ हो" करून ओरडली.

"तीन, चार, पाच," मिस्त्री म्हणाले. "आमच्या उस्तादानं शिकवल्यालं. का व्हतं ते मला इचारू नका."

बाईंनी फळ्यावर लिहिलं. तीन त्रिक नऊ, चार चोक सोळा, नऊ आणि सोळा पंचवीस, आणि पाचा पाचा पंचवीस. मिस्त्री फळ्याकडे बघतच राहिले. पन्नास वर्षं जी युक्ती त्यांनी खिशात बाळगली ती उस्तादाची नव्हती. ती हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची होती, आणि तिच्या पोटात पाढे होते. ज्या गणिताने त्यांना दोनदा नापास केलं तेच गणित ते आयुष्यभर करत आले होते. मिस्त्रींना इतका आनंद झाला की त्यांनी उगाचच टोपी काढली आणि परत घातली.

"आता तुम्ही करा," बाई पोरांना म्हणाल्या. दोरीचं एक टोक करणने धरलं. दुसरं टोक धरायला आरती पुढे आली. नऊ वर्षांची, बारीक, दोन वेण्यांची मुलगी. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "तिला नको द्यायला! ढिल्याची हाय ती! दोरी ढिली धरंल!"

सगळा वर्ग खदाखदा हसला. आरतीने हात मागे घेतला.

"ढिल्या कोण?" बाईंनी विचारलं. त्यांना गावात येऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. पोरांनी मोठ्या उत्साहाने सांगितलं, की ढिल्या म्हणजे हिचे आजोबा, स्टँडवरचे पंक्चरवाले काकासाहेब. का म्हणतात ते पोरांनाही धड माहीत नव्हतं. सगळे म्हणतात म्हणून म्हणतात.

बाई रागावल्या, पोरांना गप्प केलं आणि दोरी आरतीच्याच हातात दिली. मिस्त्री मात्र गुण्याकडे बघत राहिले. त्यांना माहीत होतं. ते नाव त्यांच्याच तोंडून पडलं होतं, आणि ज्या खोलीपायी पडलं त्याच खोलीत ते आत्ता टोपी घालून उभे होते.

पोरांना आता वर्गाचेच कोपरे मोजायचे होते. मिस्त्री पटकन म्हणाले, "हिकडं, पश्चिमेकडं या." पश्चिमेचे दोन्ही कोपरे मोजले. दोन्ही खरे निघाले. तिसऱ्या कोपऱ्याकडे पोरं निघाली आणि खिचडीची घंटा झाली. मिस्त्रींना ती घंटा देवळातल्या घंटेपेक्षा गोड वाटली. "बाकीचे बी तसेच असत्यात," असं बाईंना सांगून त्यांनी पिशवी आवरली.

आता हे सांगायलाच हवं, की सव्वीस वर्षांपूर्वी काय झालं होतं.

तेव्हा मिस्त्री आणि काकासाहेब जोडीने काम करायचे. एकाच आळीतले, एकाच वयाचे, आणि एकमेकांशिवाय चहासुद्धा न पिणारे. मिस्त्री सूत बांधायचे, काकासाहेब दुसरं टोक धरायचे. शाळेची नवी खोली मंजूर झाली तेव्हा दोघांनी पहाटे उठून आखणी केली, चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकल्या. सगळं जिथल्या तिथे. मग भूमिपूजनाला तालुक्याहून पाहुणे आले, बँड आला, गाव लोटलं. त्या गर्दीत कोणाचा तरी पाय सुतात अडकला आणि ईशान्येची खुंटी उपटून आली. पूजा त्याच खुंटीची व्हायची होती. पाहुणे ताटकळलेले, फोटोवाला घाई करतोय. मिस्त्रींनी खुंटी उचलली आणि अंदाजाने होती तिथेच ठोकून दिली. निदान त्यांना वाटलं तिथे. लगेच हळद-कुंकू पडलं, नारळ फुटला, पाहुण्यांनी मिस्त्रींच्या गळ्यात हार घातला.

दुपारी मांडव रिकामा झाल्यावर काकासाहेब म्हणाले, "मिस्त्री, ती खुंटी हालल्याली हाय. एकदा तिरकं माप घिऊ." म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांमध्ये टेप लावून बघू. पाच मिनिटांचं काम. पण पूजा झालेली खुंटी जोतं पुरं होईस्तोवर उपटायची नाही अशी गावाची रीत, आणि मिस्त्रींच्या गळ्यात अजून हार होता. "देवाची खुंटी हाय ती. आन माजा अंदाज कदी चुकलाय का?" ते म्हणाले.

भिंती उभ्या राहिल्या. पत्रे चढवायच्या दिवशी उत्तरेच्या टोकाला वीतभर जागा उघडी राहिली. आभाळ दिसत होतं. खाली सरपंच, गुरुजी, गावकरी मान वर करून उभे. "मिस्त्री, हे काय झालं?" असं कोणीतरी विचारलं आणि मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं, "काकासाहेबानं सूत ढिलं धरलं असंल."

काकासाहेब परांचीवरच उभे होते. त्यांनी मिस्त्रींकडे एकदा बघितलं. मग हातातलं सूत गुंडाळून खाली ठेवलं आणि शिडीवरून उतरून चालू लागले. त्या दिवसापासून गाव त्यांना ढिल्या म्हणायला लागलं. बायको ढिल्याची, पोरं ढिल्याची, शेरडं ढिल्याची. गावाला एकदा नाव आवडलं की ते कोणाच्या बापाचं ऐकत नाही. सूत धरायला त्यांना कोणी बोलवेना, म्हणून त्यांनी स्टँडवर पंक्चरचं दुकान टाकलं. तिथे मात्र त्यांनी काढलेलं एक पंक्चर पुन्हा सुटल्याचं कोणी ऐकलं नाही.

मिस्त्री आणि काकासाहेब त्यानंतर बोलले नाहीत. मिस्त्रींची स्कूटर पंक्चर झाली की ते ती ढकलत सुप्यापर्यंत नेतात.

तर त्या दिवशी संध्याकाळी दिशा घरी आली ती उड्या मारतच. "आजोबा, तुम्ही गेल्यावर आम्ही सगळं मोजलं! आपल्या वर्गाची पूर्वेची भिंत तिरकी आहे!"

मिस्त्री चहा पीत होते. "असं व्हय," ते बशीत बघत म्हणाले.

दिशाने सगळं हातवारे करून सांगितलं. ईशान्येच्या कोपऱ्यात दोरी चार बोटं उरली. पोरं ओरडली, आरतीने ढिली धरली. मग आरतीला बाजूला केलं, करणने धरली, तरी चार बोटं. सुकन्याने धरली, तरी चार बोटं. शेवटी मॅडमनी स्वतः धरली, तरी चार बोटं. मग पलीकडच्या कोपऱ्यात गेले, तर तिथे उलटं. दोरी चार बोटं कमी पडली. "आणि आजोबा, फरशीचा कडेचा पट्टा आहे ना भिंतीलगत, तो एका टोकाला एक वीत आहे आणि दुसऱ्या टोकाला दोन वीत! आम्ही रोज त्याच्यावर डबे ठेवतो, आम्हाला कधी दिसलंच नाही!"

"लई हुशार झाल्यात पोरं," मिस्त्री म्हणाले.

"मॅडमनी सांगितलंय, प्रत्येकाने एक जागा निवडायची आणि तिचं मनोगत लिहायचं. मी आमचा तो कोपरा घेतलाय. शनिवारी सगळ्यांच्या आईबाबांसमोर वाचायचंय. चांगली मनोगतं मॅडम वहीत चिकटवून शाळेच्या कपाटात कायमची ठेवणार आहेत." दिशाने वही उघडली आणि पेन सरसावलं. "मॅडम म्हणाल्या, माहीतगार माणसाला विचारून लिहा. सांगा ना आजोबा, भिंत तिरकी कशी झाली?"

मिस्त्रींना क्षणभर वाटलं की सांगून टाकावं. पण सव्वीस वर्षांची सवय जिभेवर आधीच येऊन बसली होती. "काकासाहेबाचं सूत ढिलं हुतं," ते म्हणाले.

दिशाने ते शुद्ध करून सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.

मनकर्णाबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. दिशा बाहेर गेल्यावर त्या म्हणाल्या, "अवं, आजून त्येच सांगता व्हय?"

"मग काय सांगू? पोरीम्होरं माजीच लाज काडू?"

"गावच्या तोंडातलं इरून गेलं असतं कवातरी. आता तुमी नातीकडनं लिवून घेताय." एवढं बोलून त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि जेवण होईपर्यंत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मिस्त्रींना त्यांचं टोचून बोलणं चालायचं. हे गप्प राहणं चालेना.

शनिवारपर्यंतचे तीन दिवस मिस्त्रींनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. गुण्या खुंटीवरून उतरला नाही. कॅलेंडर वाऱ्याने वाकडं झालं, ते तसंच राहिलं. शनिवारी घरी राहावं असं त्यांनी ठरवलं होतं, पण दिशाने हात धरून ओढत नेलं.

वर्गात बायाबापड्यांची दाटी झाली होती. मिस्त्री पुढे सतरंजीवर बसले. दारापाशी, निम्मे आत निम्मे बाहेर, काकासाहेब उभे होते. नातीचं ऐकायला आले होते, हाताचं ग्रीस अजून निघालेलं नव्हतं. दोघांनी एकमेकांकडे न बघण्याचा सराव इतका केलेला, की तो आताही आपोआप झाला.

मनोगतं सुरू झाली आणि लोक हसून हसून बेजार झाले. करणने पाराच्या कोपऱ्याचं मनोगत लिहिलं होतं. "माझ्यावर बसून लोक देशाचा कारभार चालवतात, पण माझा निघालेला दगड गेली चार वर्षं कोणी बसवलेला नाही." सरपंच हसले आणि मग गप्प झाले. सुकन्याने लिहिलं होतं, "मी कॉटचा कोपरा. रोज कोणाच्या तरी करंगळीला माझी ठेच लागते आणि लोक मलाच शिव्या देतात. पण मी काटकोन आहे, मला वाकता येत नाही." या मनोगताला टाळ्या पडल्या आणि सुकन्याच्या आईने पाय मागे ओढून घेतला.

मग आरती उभी राहिली. तिचा आवाज खणखणीत होता.

"मी शाळेची पूर्वेची भिंत. मी तिरकी आहे हे मला मंगळवारी कळलं. मला वाईट वाटलं. लोक म्हणतात, माझ्या जन्माच्या वेळी सूत ढिलं होतं. म्हणून मी आणि मॅडमनी प्रयोग केला. मॅडमनी पटांगणात दोन खुंट्यांना दोरी ढिली बांधली आणि मी तिच्या कडेने विटा लावल्या. तर विटांच्या रांगेला पोट आलं. मग ताठ बांधली आणि एक खुंटी हलवली. तर रांग सरळ आली, पण तिरकी. नंतर मी माझ्या अंगाला दोरी लावून बघितली. मला पोट नाही. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ आहे. म्हणजे माझं सूत ताठ होतं. मला ज्याने धरलं त्याने नीट धरलं होतं. मग मी तिरकी का आहे? खुंटी कोणी हलवली ते मला माहीत नाही, कारण मी तेव्हा जन्मले नव्हते. त्या दिवशी जे हजर होते त्यांनी कोणी सांगितलं तर मला कळेल."

ती बसली. टाळ्या पडल्या नाहीत. म्हातारी माणसं भिंतीकडे बघायला लागली. सव्वीस वर्षं त्या भिंतीला पाठ टेकून सभा झाल्या, मतदान झालं, पोरांच्या लसी झाल्या, आणि तिला पोट नाही हे एकालाही दिसलं नव्हतं. गवंड्याला दिसलं होतं. ढिल्या सुताने भिंत फुगते, तिरकी होत नाही, हे मिस्त्रींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि गावात दुसऱ्या ज्याला माहीत होतं तो दारात उभा होता.

"आता दिशा," बाई म्हणाल्या.

दिशा वही घेऊन उठली. वहीत काय लिहिलंय ते तिला माहीत होतं, आणि आत्ता काय ऐकलं तेही. तिने वही उघडली, पुन्हा मिटली, आणि आजोबांकडे बघितलं. त्या पोरीच्या तोंडावर जो गोंधळ होता तो मिस्त्रींना सोसवेना. ती रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, माझं चुकलंय वाटतं."

"तुजं न्हाई," मिस्त्री म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "बाई, तिचं न्हाई चुकलं. मी खोटं सांगितलं तिला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. खुंटी कशी उपटली, त्यांनीच ती अंदाजाने कशी ठोकली, काकासाहेबांनी तिरकं माप घे म्हणून कसं सांगितलं. "पूजेची खुंटी म्हणून म्या उपटली न्हाई, असं मी मनाला सांगत हुतो. पर खरं त्ये न्हाई. माज्या गळ्यात हार हुता. हार घालून चूक काडायची मला लाज वाटली. काकासाहेबाचं सूत ढिलं न्हवतं. त्यानं धरल्यालं सूत कदीच ढिलं न्हवतं." त्यांनी दाराकडे बघितलं.

दार रिकामं होतं. काकासाहेब कधीच निघून गेले होते.

रविवारी गावात दुसरा विषय नव्हता. आणि गाव ते गावच. एक नाव रिकामं झालं तर दुसरं ठेवायला कितीसा वेळ लागतो? सोमवारी सकाळी मिस्त्री पारावरून चालले तेव्हा कोणीतरी मागून म्हणालं, "तिरके मिस्त्री निघाले." लोक हसले. मिस्त्रीही कसनुसं हसले. आपल्या कर्माचं फळ, भोगलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं.

पण संध्याकाळी ते दिशाला शाळेतून घेऊन येत होते. रस्ता स्टँडवरून. काकासाहेबांच्या दुकानापुढे बाकड्यावर पाच-सहा पोरं हवा भरायला थांबली होती. दिशाला बघून त्यातलं एक ओरडलं, "ए, तिरक्याची दिशा! तिरकी चालती का बघा!"

दिशा थबकली. तिने आजोबांचा हात सोडला आणि खाली मान घालून स्वतःच्या पावलांकडे बघायला लागली, खरंच तिरकी पडतायत की काय म्हणून. अपराध मिस्त्रींचा, आणि ही नऊ वर्षांची पोर पावलं तपासत होती. काकासाहेबांच्या घरातही सव्वीस वर्षं हेच चाललं असणार, आधी पोरं आणि मग नात. मिस्त्री रोज त्याच रस्त्याने जात-येत होते, त्यांनी कितीदा तरी ऐकलं होतं, आणि कधी एकदा थांबून कोणाला गप्प बस म्हटलं नव्हतं.

दुकानातून खाड्कन आवाज आला. काकासाहेबांनी पान्हा फरशीवर आपटला होता. ते बाहेर आले आणि त्या पोराचा कान धरला.

"काय म्हनला? आं? पुन्हा म्हन."

"न्हाई काका."

"ह्या पोरीला नाव ठिवायचं न्हाई. तिला न्हाई, तिच्या बापाला न्हाई, मिस्त्रीला बी न्हाई. ज्यानं ठिवलं त्याच्या सायकलीत मी हवा भरनार न्हाई, जा सुप्याला ढकलत." त्यांनी कान सोडला. "एका घरानं सोसलं तेवढं पुरं झालं."

पोरं पांगली. काकासाहेब वळले आणि पाण्याच्या घमेल्यापाशी बसून ट्यूब बुडवायला लागले. मिस्त्री रस्त्यातच उभे होते. शनिवारी सगळ्या गावासमोर बोलताना डोळ्यांत आलं नव्हतं ते पाणी आता आलं, आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही. जे त्यांनी सव्वीस वर्षांत केलं नाही ते या माणसाने पहिल्याच दिवशी केलं होतं.

ते दुकानाच्या पायरीपाशी गेले. "काकासाहेब," ते म्हणाले, "मला माफ कर."

काकासाहेबांनी मान वर केली नाही. ट्यूब फिरवत, बुडबुडे कुठून येतायत ते बघत राहिले.

"माफीचं नंतर बघू," ते शेवटी म्हणाले. "आधी हे टोक धर. घट्ट धर."

मिस्त्री खाली बसले आणि दोन्ही हातांनी ट्यूब धरली.